आटलेला पुठ्ठा आणि चार नट

या, बसा. गोष्ट सांगण्याआधी एक विचारतो. डोळा एक सांगतोय, हात दुसरंच सांगतोय आणि करून ठेवलेली खूण तिसरंच. अशा वेळी तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल?

उत्तराची घाई नको. मला ते कळायला चार नट, एक डोंगर आणि एका बाईचा कान लागला.

मी एक अलॉय व्हील बोलतोय. जुन्या चाकांच्या दुकानात, गल्ल्याच्या बरोबर वर, खिळ्याला टांगलेला. चाकाने फिरावं, बोलू नये, हे मान्य. पण माझं फिरणं संपलंय, आणि व्यापाऱ्याच्या डोक्यावर इतकी वर्षं लटकल्यावर कुणाचीही जीभ सुटेल.

जन्माच्या वेळी मी पाणी होतो. उजळ, जड, बघणाऱ्याचे डोळे दिपवणारं पाणी. साच्यात ओतलं आणि बघता बघता मला दहा आरे फुटले. मग मला चार छिद्रं पाडली. त्या चार छिद्रांच्या मध्यातून एक वर्तुळ जातं. ते कुणाला दिसत नाही, पण चाकाचं सगळं नशीब त्याच्यात असतं. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक जिथे चढतं त्या तबकडीवर, चार स्टड, म्हणजे आट्यांचे खुंट असतात, त्यांचंही असंच न दिसणारं वर्तुळ असतं. दोन्ही वर्तुळं एक झाली तर चाक बसलं. माझं वर्तुळ अठ्ठ्याण्णव मिलिमीटर व्यासाचं. तो आकडा माझ्या अंगावर कुठेही लिहिलेला नव्हता.

माझा पहिला मालक वकील होता, गाडी लांबलचक. आम्ही चार सख्खे भाऊ बाहेर, आणि डिकीत पाचवा, लोखंडी स्टेपनी, सावत्र. वकीलसाहेब दर रविवारी दात घासायच्या ब्रशने आमचे आरे घासायचे. बायको गॅलरीतून ओरडायची, "अहो, तो ब्रश माझा आहे!" तर म्हणायचे, "तुझा कालपर्यंत होता." असं कौतुक. एके दिवशी सिग्नलला उभं असताना मागून ट्रकने ठोकलं. साहेबांना खरचटलंही नाही, गाडी मात्र गेली. आम्ही भाऊ धडधाकट होतो म्हणून तात्यांच्या दुकानात आलो.

तात्या म्हणजे या दुकानाचे मालक. शाळा सहावीपर्यंत, बाकी सगळं हाताने शिकलेलं. त्यांची मापायची रीत मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. नवीन मॉडेलची गाडी पहिल्यांदा दुकानात आली की ते चाक उतरवून स्टडच्या टोकांना ग्रीस लावत आणि त्यावर पुठ्ठा दाबत. पुठ्ठ्यावर चार काळे ठिपके उमटत. मागे गाडीचं नाव लिहून तो पुठ्ठा भिंतीला. पुढे कुणी विचारलं, या गाडीचं चाक त्या गाडीला बसेल का, की तात्या पुठ्ठा काढून चाकाखाली धरत. चारही ठिपके छिद्रांच्या मधोमध दिसले की, "बसतंय!" सगळे पुठ्ठे बिस्किटाच्या एकाच डब्याचं झाकण ठेवून कापलेले. भिंतीवर असे साठ-सत्तर गोल. मी पहिल्या दिवशी बघत राहिलो. इतक्या गाड्यांची गुपितं, आणि ती राखायला नुसते खिळे!

अलीकडे मात्र तात्यांची बोटं थरथरायला लागली होती. गिऱ्हाइकासमोर ते हात खिशात ठेवत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा म्हणाले, "हातावर आता भरवसा नाही राहिला गं. पुठ्ठा आहे म्हणून दुकान आहे."

एका दुपारी एक छोटी गाडी आली. चालवणारी नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये लस द्यायला जायची. पुढच्या सीटवर लसीची निळी पेटी होती, आणि पेटीला चक्क सीटबेल्ट लावलेला. सोबत तिचा धाकटा भाऊ, वेल्डर.

"तात्या, ताईने आयुष्यात पहिली गाडी घेतलीय. जुनी आहे, पण दिसायला नवरीसारखी करा," भाऊ म्हणाला.

"नवरी कशाला? मला चढण चढायचीय, मिरवायचं नाहीय," ताई म्हणाली.

"तू गप गं. पैसे माझे, हौस माझी."

"आणि गाडी माझी!"

तात्या हसले. त्यांनी त्या गाडीचा पुठ्ठा काढला, माझ्याखाली धरला. चारही ठिपके माझ्या छिद्रांत असे बसले, जणू माझ्यासाठीच उमटले होते. "बसतंय!"

जॅक लागला. तात्यांनी मला पुढच्या डाव्या हबवर चढवलं आणि नेहमीप्रमाणे नट आधी हाताने फिरवायला घेतले. दोन वेढे बरे गेले. तिसऱ्याला नट अडला. अडला म्हणजे काय, नटाचा निमुळता गाल माझ्या खोबणीत चहूबाजूंनी टेकायला हवा, तो एकाच बाजूला घासला. मला ते कळलं. आणि शपथेवर सांगतो, तात्यांच्या बोटांनाही कळलं. ती थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यावरचे ठिपके ठणठणीत. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "तात्या, मशीन मारा की. मला परत कामावर जायचंय."

तात्यांनी एकदा स्वतःच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं आणि नट आवळायची हवेची गन उचलली. घर्रर्र! चारही नट बसले. बसले कसले, ओढून बसवले. चारही स्टड ताणले गेले. मागोमाग माझ्या तिघा भावांनाही तसंच बसवलं. मला ओरडता आलं असतं तर सगळी गल्ली गोळा केली असती.

जुनी लोखंडी चाकं ताईने गाडीतच ठेवून घेतली, दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर. "भंगारात नको, शेजाऱ्यांना हवीयत," म्हणाली. भाऊ कामावर गेला, ती डोंगराकडे निघाली.

दुकानात दोन वर्षं पडून राहिल्यावर मी पुन्हा रस्त्याला लागलो होतो. काय सांगू तुम्हाला! टायरमधून प्रत्येक खडा माझ्यापर्यंत पोचत होता. पण त्याहून मोठं नवल वेगळंच होतं. एक बाई, लसीची पेटी, सगळ्या गाडीचं वजन, आणि हे सारं माझ्याशी बांधून ठेवलं होतं ते अंगठ्याएवढ्या चार नटांनी. माणसं गाडीत बसतात, गाणी म्हणतात, डुलक्या काढतात. एकाही नटाशी त्यांची ओळख नसते. एवढा विश्वास! मी धातूचा, तरी त्या विचाराने अंगावर काटा आला. त्यातून मला ठाऊक होतं की नट सुटत चाललेत. दर खड्ड्याला केसाएवढे.

इकडे दुकानात काय झालं ते तात्यांच्याच तोंडून ऐकलंय, तेही शंभर वेळा. काकूंनी तो पुठ्ठा परत खिळ्याला लावला आणि तिथेच थबकल्या. शेजारचे पुठ्ठे एकमेकांना घासून होते. हा मात्र दोन्हीकडून अंग चोरून उभा.

"अहो, हा लहान दिसतोय."

"लहान कसा असेल? झाकण एकच."

काकूंनी डब्याचं झाकण आणून वर ठेवलं. सगळीकडून नखभर झाकण बाहेर. पुठ्ठ्याच्या मागे पाण्याचा पिवळा डाग. वरचा पत्रा गळत होता तेव्हा भिजला असणार, मग वाळला. काकूंनी आयुष्यभर झंपर शिवलेत. त्या म्हणाल्या, "आटलाय हा. सुती कापड आटतं तसा. आणि अहो, पुठ्ठा आटला तर ठिपकेही जवळ आले असणार ना?"

तात्या तसेच फोनकडे धावले. फोन लावला, ताई उचलेना. ती गाडी चालवताना फोन घेत नाही. तात्यांच्या मुलीने कधीतरी आणून दिलेली स्टीलची मापपट्टी ड्रॉवरात कोरी पडली होती, ती काकूंनी घेतली. जॅक पायाशी, पाना काकूंच्या मांडीवर, आणि दोघं स्कूटरवरून निघाली.

डोंगराच्या पायथ्याशी, जिथून कठडा नसलेली अकरा वळणं सुरू होतात, तिथे ताईने रेडिओ बंद केला. खिडकी खाली घेतली. थोडं पुढे गेली आणि गाडी कडेला उभी केली. झोपलेल्या बाळाचा श्वास लांबून ओळखणारा कान तो. माझी टिकटिक तिने इंजिनाच्या आवाजातून वेगळी काढली. खाली उतरली, गुडघ्यावर बसली, तळहात माझ्यावर ठेवला. तापलो होतो. मग तिने एका नटाला बोट लावलं. नट बोटाने फिरला.

ती त्या अकरा वळणांकडे बघत राहिली. मीही बघितली. पहिल्याच वळणाखाली झाडांचे शेंडे दिसत होते, बुंधे दिसत नव्हते.

तेवढ्यात स्कूटर आली. "ताई, गाडी हलवू नका!" तात्या लांबूनच ओरडले.

"हलवतेय कशाला? नट बोटाने फिरतोय, तात्या. घट्ट करायला विसरलात?"

आता बघा, व्यापाऱ्याला इथे वाट मोकळी होती. हो म्हणायचं, नट आवळायचे, माल विकलेला तसाच ठेवायचा. तात्यांनी मला उतरवून मापपट्टी घेतली. माझ्या समोरासमोरच्या छिद्रांमधलं अंतर मोजलं: अठ्ठ्याण्णव. मागच्या सीटवरचं लोखंडी चाक मोजलं: शंभर.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "हे चाक तुमच्या गाडीचं नाहीच. दोन मिलिमीटर. मी बळजबरीने बसवलं. चूक नटाची नाही ताई, माझी आहे."

"म्हणजे पुठ्ठा खोटं बोलला?" झालेली हकिगत ऐकून ताईने विचारलं.

"पुठ्ठा कशाला खोटं बोलेल बिचारा?" काकू मागून म्हणाल्या. "गळक्या पत्र्याखाली त्याला टांगला कुणी, ते विचार."

ताई हसली, पण ओठ पांढरे होते.

मग तिथेच, धुळीत गुडघे टेकून तात्यांनी बाकी तिघा भावांनाही उतरवलं आणि जुनी लोखंडी चाकं चढवली. आधी प्रत्येक स्टड बोटांनी चाचपला. एक वाकला होता, पण तो पुढच्या आठवड्यात बदलायचा ठरला, कारण ताईने सांगून टाकलं, "आज वर चढायचं नाही. पेटी आरोग्य केंद्राच्या जीपमधून जाईल." तात्यांनी सोळाच्या सोळा नट हातांनी फिरवले. आणि मी पाहिलं, तीच थरथरणारी बोटं नटावर टेकली की अशी स्थिर होत, जशी पाण्याने भरलेली बादली ठेवल्यावर पाणी स्थिर होतं. केसाएवढा फरक ओळखणारं हे यंत्र या माणसाच्या अंगावरच होतं, आणि त्याने ते खिशात लपवलं होतं! मोठमोठ्या कारखान्यांतून आलोय मी. असलं अवजार दुसरं पाहिलं नाही.

ताई पुढे तात्यांकडेच येत राहिली. "चूक करणारे खूप आहेत, मागे धावत येऊन सांगणारे किती?" म्हणायची. भावाचा राग मात्र गेला नाही. अजूनही रस्त्यात तात्या दिसले की तो मान फिरवतो, आणि मला त्यात त्याचं चुकतंय असं वाटत नाही. बहीण त्याची होती.

माझे तिघे भाऊ मापून, अठ्ठ्याण्णवच्या गाड्यांना लागले. नट माझेच सुटले होते, त्यांनी माझ्या खोबण्या ओरबाडल्या होत्या. मी विकण्याजोगा राहिलो नाही. तात्यांनी मला इथे टांगलं, शेजारी तो आटलेला पुठ्ठा. बाकीचे सगळे पुठ्ठे उतरले. त्यांच्या जागी एक जाड वही आली, प्रत्येक गाडीचं माप स्टीलच्या पट्टीने मोजून लिहिलेलं.

पहिलं पान मात्र या गोष्टीचं आहे. तात्यांनी लिहायला घेतलं, "पुठ्ठा आटल्यामुळे..." काकूंनी पेन धरला. "ते पुसा. खरं ते लिहा."

तात्यांनी ते शब्द खोडले आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "हाताने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तेव्हापासून मी या वाक्याच्या वर लटकतोय आणि मला याहून मानाची जागा नको. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुम्हीही कसला ना कसला हिशेब ठेवतच असाल, मापांचा, दिवसांचा, माणसांचा. तो चोख ठेवा. जे आपसूक बसलं ते लिहाच. पण जे ओढून बसवलं, तेही लिहा. आणि ते पहिल्या पानावर लिहा.