साडूपेक्षा मोठी लेन्स

चष्मेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका फोटोमुळे. डॉक्टरकडे जाण्यासारखं ते दुखणं नव्हतं. मेहुणीच्या नव्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर, त्याच्या बायकोचा हातभर फोटो टांगलेला होता आणि त्यात बायको हसत होती. साधंसुधं नाही. मान मागे गेलेली, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात अर्धवट उघडलेलं खोकं, नजर कडेला कुठेतरी लागलेली. अगदी पोट धरधरून हसत होती. आणि फोटो काढला होता साडूने.

"ताई काय दिसतेय ना, भाऊजी!" मेहुणी म्हणाली. "यांनी आजवर काढलेला सगळ्यात छान फोटो."

"हं," चष्मेवाला म्हणाला.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्याच्याकडच्या प्रत्येक फोटोत बायको अशी उभी असायची, जणू मागे पोलीस उभा आहे. आणि हा साडू, पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढणारा माणूस, परवापरवा त्याने कॅमेरा घेतला काय, आणि तिला असं हसवलं काय!

फोटो कोणत्या दिवशीचा तेही चष्मेवाल्याला चांगलं ठाऊक होतं. घर बदललं त्या दिवशीचा. सकाळपासून साडूचं सामान कोणी वाहिलं? याने. तीन जिने, चौदा खोकी, दोन कपाटं, गाद्या वेगळ्याच. आठवडाभर कंबर धरली होती. म्हणजे हा इथे हमाली करत होता आणि तो पठ्ठ्या गळ्यात कॅमेरा अडकवून याच्या बायकोला विनोद सांगत होता! काय बोलला असेल? असं काय बोलला असेल की बाईला हातातलं खोकं सावरेना?

बायकोला विचारावं, तर विचारणार कसं? "त्या दिवशी तू का हसलीस" असा प्रश्न कुठला शहाणा नवरा विचारतो? त्यापेक्षा आपणच कॅमेरा घ्यायचा. चांगला, मोठा, लेन्स बदलता येणारा. आणि तिचा असा फोटो काढायचा की साडूने भिंतीवरचा उतरवून ठेवला पाहिजे.

निघताना त्याने टेबलावरचा साडूचा कॅमेरा हळूच फिरवून बघितला. लेन्सच्या कडेवर आकडा होता पन्नास. एवढंच? चष्मेवाल्याला जरा बरं वाटलं.

कॅमेऱ्याचं दुकान चालवणारी बाई साठीची होती. घाई नाही, गडबड नाही. तिने विचारलं, "पहिलाच कॅमेरा ना? कशाचे फोटो काढायचेत?"

आता बायकोच्या हसण्याचे, असं सांगणार का? "सगळ्याचेच," तो म्हणाला. "घरातले, बाहेरचे, झाडं, पक्षी, माणसं."

"मग एकदम सगळं घेऊ नका. हा बेताचा कॅमेरा घ्या. यासोबत ही अठरा ते पंचावन्नची लेन्स येते, रोजच्या वापराला पुरते. घरात माणसांचे चेहरे काढायचे असतील तर जोडीला ही पन्नासची घ्या. स्वस्त आहे, कमी उजेडातही चालते. सहा महिने वापरा. मग आपलं आपल्यालाच कळतं काय कमी पडतंय ते."

ऐकण्यासारखं होतं. पण पन्नास हा आकडा कानावर पडला आणि चष्मेवाल्याचं डोकं फिरलं. साडूचीच लेन्स घ्यायची? त्याचं बघून घेतली म्हणायला सगळे मोकळे!

"याहून मोठी दाखवा."

तिने सत्तर ते तीनशेची काढली. हातात घेतली तर कोपरापासून हात खाली आला. त्याने ती कॅमेऱ्याला लावून दारातून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या सुईतला दोरा दिसला, दोरा! तो हरखलाच.

"ही लांबचं ओढायला असते," बाई म्हणाली. "पक्षी, मैदानावरचे खेळ. घरात नाही चालायची. आकडा वाढला की कमी जागा मावते, आणि हिला फार जवळचं दिसतही नाही. आधी पन्नासची लावून बघा, मग पुन्हा ही. कुठलं बरं वाटतंय सांगा."

हे मात्र झोंबलं. कुठलं बरं वाटतंय, हा प्रश्न तो स्वतः दिवसातून शंभर गिऱ्हाइकांना विचारायचा, समोरचा खुर्चीत आणि आपण उभे. त्याचाच प्रश्न त्यालाच?

"बाई, माझं अख्खं आयुष्य लेन्समध्ये गेलंय. आकडा मोठा तेवढी काच ताकदीची, हे मला नका शिकवू. तीनशेची द्या. ती अठरा-पंचावन्नची छोटी नको, काढून ठेवा."

"ती सोबतच येते हो."

"नको म्हटलं ना!"

बाईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि निमूटपणे खोकं बांधलं. अति शहाण्यापुढे दुकानदाराने किती बोलावं?

रविवारी सकाळी त्याने बायकोला खुर्चीवर बसवलं. ती तशी खूश होती. केस नीट केले, पदर सारखा केला. पैसे तीनशेचे दिले होते, म्हणून चष्मेवाल्याने लेन्स थेट तीनशेवर फिरवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. नाक दिसलं. फक्त नाक, तेही धूसर. लेन्स घर्र घर्र करत पुढेमागे झाली आणि गप्प बसली. तो भिंतीला टेकेपर्यंत मागे गेला. आता नाकासोबत एक डोळा आला.

"झालं का?" बायको.

"हलू नकोस."

तो दाराबाहेर गेला. मग जिन्यावर. शेजारीण भाजीची पिशवी घेऊन वर येत होती, ती अंग चोरून भिंतीला चिकटली. जिन्यावरून डोकं आणि खांदे मावले, पण घरातल्या अंधारात सगळं हललेलं येत होतं. शेवटी त्याने बायकोला खिडकीत उभं केलं आणि स्वतः जिना उतरून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आता कुठे ती पूर्ण दिसायला लागली.

"हस!" तो खालून ओरडला.

दोन सायकलवाले थांबून वर बघायला लागले. बायकोने ओठ ताणले.

"तसं नाही! नीट हस की गं!"

"लोक बघतायत," ती वरून म्हणाली. "या आता वर. नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा."

ती गमतीने म्हणाली होती. पण चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो धाडधाड जिना चढला, कॅमेरा टेबलावर आदळला आणि इतके दिवस दातांमागे धरलेलं बाहेर पडलं.

"माझ्यासमोर दात दिसत नाहीत तुझे! त्याच्यासमोर बरं हसू फुटतं!"

"कोणासमोर?"

"साडूसमोर! भिंतीवर टांगलंय ना, जगाने बघावं म्हणून!"

बायकोने खुर्ची उचलून जागेवर ठेवली. तिचा चेहरा उतरला होता.

"मी त्या दिवशी कशाला हसले, ते तुम्हाला माहीत नाही?"

"नाही!"

"मग राहू दे," ती म्हणाली आणि आत गेली.

तो दिवस ती एक शब्द बोलली नाही. दुसराही. जेवायला वाढायची, हाक मारायची नाही. बावीस वर्षांत भांडणं झाली होती, पण ती आवाजाची. ही शांतता चष्मेवाल्याला सोसेना. तिसऱ्या दिवशी दुकानात त्याने एका आजोबांना चुकून कुठल्याशा आजींचा चष्मा बांधून दिला, तेव्हा मात्र दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि थेट साडूचं घर गाठलं. आज याला विचारायचंच, काय बोललास ते.

साडू दारातच फुलून गेला. "या या, साडूभाऊ! तीनशेची घेतलीत म्हणे! आमची कुठली एवढी ऐपत! आम्ही आपले पन्नासवालेच."

आता याच्यावर ओरडायचं तरी कसं? चष्मेवाला फोटोकडे बोट करून एवढंच म्हणाला, "हा कसा काढलात?"

"काढला कसला, सापडला. माझ्या लेन्सला जवळ-लांब करता येत नाही ना, उभा राहीन तिथून सगळं येतं, नको तेही. मग कडा कापतो." साडू जरा चाचरला. "खरं सांगू? तुम्हाला कापलंय यातून. हिचं म्हणणं पडलं, भाऊजी एवढे राबले आणि आपण त्यांची शोभा भिंतीवर कशाला लावायची. रागावू नका हं."

"मला?"

साडूने कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. डावीकडे बायको, तीच, पोट धरून हसणारी. आणि उजवीकडे, कापलेल्या भागात, एक गादी उभी होती. गादीला खालून दोन पाय होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. डोक्यावर गादी घेतलेला तो माणूस दार समजून सरळ उघड्या कपाटात शिरला होता आणि तिथे अडकून, बहुतेक, "दिवा लावा कोणीतरी" असं ओरडत होता. चष्मेवाल्याला आठवलं. ओरडला होता खरा. कपाळही आपटलं होतं.

बायकोची नजर साडूकडे नव्हतीच. ती त्या दोन पायांकडे बघत होती.

काखेत कळसा असतो लोकांच्या, याच्या डोक्यावर गादी होती. महिनाभर तो स्वतःवरच जळत होता.

त्याने तो अख्खा फोटो छापून मागितला. घरी आला तेव्हा बायको टेबलाशी बसून बटण लावत होती. त्याने फोटो तिच्यासमोर ठेवला आणि बाजूच्या खुर्चीवर बसला. 

"चुकलो," तो म्हणाला. "नको ते बोललो. तू अशी हसतेस, हे मला कधी दिसलंच नाही गं."

"दिसणार कसं?" ती फोटोवरची नजर न काढता म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "डोक्यावर गादी होती." मग तिचं बोट त्या अनवाणी पायापाशी थांबलं. "आणि चप्पल... चप्पल शेजारच्यांच्या कुत्र्याने..."

पुढचं तिला बोलता येईना. खांदे हलायला लागले, मान मागे गेली, सुईदोरा हातातून सुटला.

कॅमेरा टेबलावरच होता, त्याच्या हाताशी. पण त्या लेन्सने फोटो घ्यायचा तर जिना उतरून रस्त्यापलीकडे जावं लागलं असतं. चष्मेवाला जागचा हलला नाही.