सातवा खांब

अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावरचं ऊन उतरलं, उतरता उतरता केशरी झालं, आणि पायथ्याच्या त्या निवांत रस्त्यावर सांज पाऊल न वाजवता आली. धूसर सांज, धूपगंधी सांज, तुळशीतुळशीपाशी क्षणभर थबकणारी सांज.

रस्त्याला सात खांब. सहांच्या माथ्यावर आता नवे शुभ्र दिवे: आपोआप लागणारे, निर्विकार, सावलीलाही धार लावणारे. त्यांच्याखालच्या पारिजातकांना रात्र कळेनाशी झाली होती. कळ्या मिटल्या त्या मिटल्याच.

सातवा खांब मंदाकिनीबाईंच्या फाटकाशी. त्याच्या माथ्यावर जुना पिवळा दिवा, अंगावर गंजल्या पेटीत जुना खटका. शाळेत विज्ञान शिकवत होत्या तेव्हाही, निवृत्त झाल्या तेव्हाही, एकतीस वर्षं तो खटका त्यांच्याच बोटांनी खाली आला होता. खटका खाली, मग हात जोडलेले. रोज.

आज त्या खांबाला शिडी टेकली होती. नवा दिवा अंधार पडतानाच पारखता येतो, म्हणून नगरपालिकेची माणसं रोज दिवेलागणीलाच येत आणि रोज एक जुना दिवा उतरवून नेत.

"बाई, जरा बाजूला व्हा," तिसऱ्या पायरीवरून सोपान वायरमन म्हणाला. "उद्यापासून तुमची ड्युटी संपली. आराम करा!"

"माझी ड्युटी तू लावली होतीस का रे?"

खाली उभा मुकादम हसला. "म्हाताऱ्या दिव्याचा एवढा कसला लळा, बाई?"

बाईंनी पेटी उघडली आणि खटका खाली ओढला.

दिवा आधी नुसता थरथरला. मग अंजिरी झाला, मग गुलाली, मग शेंदरी. सोडियमची वाफ आपल्याच गतीनं जागी होते. तिला कुणाची घाई ठाऊक नाही. हळूहळू, हळूहळू, तो मधासारखा पिवळा झाला.

सोपाननं पकड खिशात कोंबली, कोपर शिडीत अडकवलं, आणि त्याचे हात आपसूक जुळले.

"अरे, खटका वर कर!" मुकादम ओरडला.

"दिवेलागणीचा दिवा मालवू?" सोपान खाली उतरू लागला. "आय घरात घ्यायची नाय मला."

"मग उद्या येऊ!"

"या की," बाई म्हणाल्या. "मी रोज याच वेळी इथं असते."

शिडी गेली. रस्ता निवला. सातव्या खांबाखाली पिवळं वर्तुळ पसरलं. वर्तुळाच्या काठाशी अंधार येऊन उभा राहिला, जुना अंधार, मऊ अंधार, आपला अंधार. आणि त्याच्या ओंजळीत फाटकाजवळच्या पारिजातकाची एक कळी, सावकाश, उमलली.