पेन्सिलीची रेघ आणि माझे चार पाय

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. पण मी काही बुटकी जन्माला आले नव्हते. मला बुटकं करण्यात आलं, आणि ते कुणी केलं हे मी आज कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगणार आहे.

शाळांसाठी बाकं आणि खुर्च्या बनवणाऱ्या एका छोट्याशा कारखान्यात मी तयार झाले. जिने मला घडवलं, तिला सगळे ताई म्हणत. एका शाळेला पहिलीच्या वर्गासाठी नव्या खुर्च्या हव्या होत्या आणि मी त्यांचा नमुना होते. ताईने माझ्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांच्यावरून स्वतःचा गाल फिरवून पाहिला. "कुठे टोचत नाहीस ना गं?" असं तिने मलाच विचारलं. त्या दिवशी माझ्याइतकी ऐटबाज खुर्ची जगात दुसरी नव्हती. निदान मला तरी तसं वाटत होतं.

मग मालक आले. समोर त्यांना सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागे 'जरा थांबा', कारण त्यांचं प्रत्येक बोलणं तिथेच येऊन अडायचं. लाकूड ठेवायच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. खिडकी उघडायची तर त्यांना विचारायचं, पंखा लावायचा तरी त्यांनाच विचारायचं. आणि विचारलं की त्यांना काही म्हणजे काही ठरवता यायचं नाही. अशा माणसाच्या हाताखाली काय हाल होतात ते मला विचारा!

त्यांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"उंच वाटते," ते म्हणाले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी माझ्या पायांवर रेघा ओढल्या. "इथून कापा."

"साहेब, शाळेने दिलेल्या मापाचीच आहे," ताई म्हणाली.

"माप मला शिकवू नका. कापा."

ताईने कापलं. दोन दिवसांनी मालकांना मी पुन्हा उंच वाटले. पुन्हा रेघ, पुन्हा करवत. मग एका सकाळी ते दारातच थबकले. "अरेच्चा, ही तर बुटकी झाली! जरा थांबा, निळी रंगवून बघू. निळ्या रंगात उंच दिसेल." रंगारीकाकांनी मला निळी रंगवली. मग हिरवी. मग पुन्हा निळी. "हिच्यात आता लाकूड कमी नि रंगच जास्त," काका पुटपुटायचे. मालकांना काही टाकूनही द्यायचा धीर होत नव्हता. माझ्या पायांचे कापलेले तुकडेसुद्धा त्यांनी ठेवायला लावले. "असू द्या, उद्या लागले तर?" ताई ते मुकाट्याने एका डब्यात टाकायची.

इकडे शाळेत मुलं जमिनीवर बसत होती आणि मोठ्या बाई निरोपावर निरोप पाठवत होत्या. हे काम हातचं गेलं तर कारखान्याला टाळं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मालकांनाही दिसत होतं. म्हणून ते आणखी घाबरायचे, आणि घाबरले की पेन्सिल काढायचे.

शेवटी मोठ्या बाई स्वतःच कारखान्यात आल्या. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, हिच्यावर बसून मुलांचे गुडघे हनुवटीला लागतील!"

"नमुनाच आहे हो, जरा थांबा," मालक गडबडले. "ताई, मला वाटतं, अजून थोडी कमी केली तर..." आणि त्यांनी बाईंच्या देखत माझ्या पायावर आणखी एक रेघ ओढली.

ताईने करवत उचलली. माझ्या सांध्यासांध्यात संताप भरला. अजून किती कापणार? पाय संपले की बैठकीला हात घालणार का? ताईने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं आणि करवत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकली.

"नाही कापणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कापणार, साहेब. आज नाही आणि उद्याही नाही."

मालक लालबुंद झाले. "मग उद्यापासून कामावर यायचं नाही!" पण लगेच त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे... जरा थांबा. त्यावर मी विचार करतो."

रंगारीकाकांनी तोंड फिरवून हसू दाबलं. ताईने टेबलाखालून डबा ओढला आणि माझ्या एकेका पायाखाली माझेच तुकडे रचले. मी वर वर चढत गेले. किती दिवसांनी मला खिडकीबाहेरचं दिसलं!

"बाई, मी केली तेव्हा ही अशी होती."

बाईंनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "अशीच हवी. सगळ्या अशाच करा."

"पण जरा थांबा..." मालक म्हणाले.

"मी थांबेन हो," बाई म्हणाल्या, "पण मुलं वाढतायत, ती थांबत नाहीत."

ताईने मालकांपुढे हात पसरला. "लाकडाच्या खोलीची किल्ली द्या, साहेब." मालकांनी खिसा चाचपला, छताकडे पाहिलं. ताईचा हात हलला नाही. रंगारीकाका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनीही हात पुढे केला. आता किल्ली कुणाच्या हातावर ठेवायची, हे ठरवण्यातही मालकांचा वेळ गेला. पण शेवटी त्यांनी ती ताईच्या हातावर ठेवली.

माझ्या बहिणी त्या शाळेत गेल्या, चांगल्या उंचपुऱ्या. मी इथेच राहिले. दुपारी ताई माझ्यावर बसून डबा खाते. एखाद्या मुलाने माझ्यावर बसून पाय हलवत पाढे म्हणावेत, असं मला फार वाटायचं. ते आता होणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मित्रांनो, खुर्च्यांवर नावं कोरू नका, त्या फरफटत नेऊ नका, हे तुमच्या बाई सांगतीलच. मी एवढंच सांगते, की स्वतःच्या उंचीलाही जपा. कुणी पेन्सिल घेऊन आलं तर 'कशासाठी?' असं आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाय घट्ट रोवून उभे राहा.

मालक अजूनही अधूनमधून माझ्यासमोर येतात, डोकं खाजवतात, वाकून रेघ ओढतात. ताई मान वर करूनही बघत नाही. माझ्या पायांवर अशा रेघा पुष्कळ झाल्या आहेत. त्या दिवसानंतर एकीवरही करवत फिरलेली नाही.