राजाच्या आसनावरची मान

माझ्या बापाची मान मी वाकवणार नव्हते. बस्स. राजाच्या आसनासाठी काय, देवाच्या पाटासाठीही नाही.

हुकूम कल्हूच्या राजवाड्यातून आला होता, आमचं शहर जिंकून आम्हाला धरून आणणाऱ्या राजाचा. आसनाच्या पाठीला हस्तिदंताची पट्टी हवी, तिच्यावर आमच्या हमाथ शहराचे वडीलधारे नजराणे घेऊन, माना खाली घालून चाललेले. पहिला माणूस इद्री, म्हणजे माझा बाप, ओळखू येईल असा, वाकड्या नाकाचा. शहर पडलं तेव्हा तो वेशीत ताठ उभा राहिला आणि तसाच मेला. साऱ्या फौजेनं पाहिलं होतं. आता ते पुसायचं होतं, आणि पुसायला हात हवा होता त्याच्याच लेकीचा. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

माझा नवरा एझर मी कोरलेलं हस्तिदंत घासून चकाकी आणायचं काम करायचा. तो गयावया करायला लागला. मेलेल्याला काय फरक पडतो, म्हणाला. कैद करून इथवर आणलंय, आता जीव तरी राहू दे. मी म्हटलं, "तुझा बाप असता तर खुशाल वाकवला असता. हा माझा आहे."

आमच्या कामाची रीत अशी, की आधी अंगं, वस्त्रं, पाय कोरायचे आणि डोक्यांच्या जागी नुसते गोळे ठेवायचे. मुकादमानं पाहून ओल्या मातीवर मंजुरीचा शिक्का उमटवला की मगच चेहरे. आमचा मुकादम मुशेझिब जन्मभर हेच काम केलेला, हात सोन्यासारखा. पण दरबार तोंडावर आल्यानं त्याची नुसती धावपळ चालली होती. मी गोळे ठेवले, पण खांद्यापुढची जागा, जिथे वाकलेलं कपाळ यायचं, ती आधीच तासून टाकली. त्यानं उभ्याउभ्या पाहिलं, शिक्का उमटवला आणि गेला.

चेहरे झाल्यावर तो परत आला. पट्टी हातात घेतली आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला काही समजवावं लागलं नाही. हस्तिदंतातून काढता येतं, त्यात घालता येत नाही. माना वाकवायला पुढे काही उरलंच नव्हतं, आणि एवढा रुंद दुसरा दात कोठारात नव्हता.

"तुझे हात तोडायला लावीन," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"लाव की. मग विचारतील, शिक्का कोणाचा."

एझर कोपऱ्यात हात जोडून उभा होता. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि धीर आला.

मुशेझिबनं पट्टी बराच वेळ उलटसुलट केली. शेवटी म्हणाला, सगळ्यांच्या तोंडावर सोन्याचा पत्रा मढव, कोण कुठला ते कळता कामा नये.

मढवला. मीच मढवला. पत्रा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ ठोकला, म्हणजे खाली जे असेल तेच वर उमटतं. बोटानं दाबत दाबत बापाचं वाकडं नाकही वर आणलं.

आसन दरबारात गेलं. राजा बसला, मागे टेकला. त्याच्या पाठीशी माझा बाप ताठ उभा होता, आता सोन्याचा.