एका वेळेपुरती सोपवणी

मावशीच्या घरात आमच्या कंपनीची, फोनवरून उघडणारी तीन कुलुपं होती: एक पुढच्या दाराला, एक मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दाराला आणि एक औषधांच्या कपाटाला. तिच्या फोनमध्ये एकसष्ट ॲप होती. चौतीस फोनबरोबरच आलेली, सत्तावीस तिने किंवा तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी घातलेली. या सत्तावीसमध्ये सहा पत्त्यांच्या खेळांची होती आणि चार हवामानाची. एकट्या कुठल्याच हवामानावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती चौघांची सरासरी काढायची. फोनवर येणारी प्रत्येक सूचना वाचायची मुभा सात ॲपना होती. ही मुभा तू का दिलीस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्यांनी मागितली, मी म्हटलं घे बाई, माझ्या सूचनांत लपवण्यासारखं काय आहे.

मावशीने चाळीस वर्षं मुलींना बॅडमिंटन शिकवलं. ती डावखुरी, आणि मागच्या वर्षी झटका आला तो नेमका डाव्या अंगाला. आता ती काठीने चालते. खुर्चीतून उठून दारापर्यंत पोचायला तिला इतका वेळ लागतो की बाहेरचा माणूस कंटाळून निघून जातो. चार महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते, पुढच्या बंद दाराबाहेर उभा होता. शेवटी सुताराला बोलावून दार फोडावं लागलं. नवं दार बसवलं तेव्हा त्याला आमच्या कंपनीचं कुलूप मीच लावून दिलं, आणि मग बाकीची दोन.

दादाने मुदत घातली होती. महिनाअखेरीपर्यंत ही कुलुपांची व्यवस्था बिनधोक आहे अशी त्याची खात्री पटली तर आई इथेच एकटी राहील, नाहीतर त्याच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर. तिथली खोली रंगवूनही झाली होती. मावशीची सुनेबद्दल किंवा नातवंडांबद्दल काहीच तक्रार नव्हती. तिचं म्हणणं एवढंच की तिथे तिला कुणी स्वतःचा कपसुद्धा विसळू देत नाही. शिवाय इथे तिच्या गॅलरीखाली शाळेचं मैदान होतं. संध्याकाळी मुली खेळायच्या आणि मावशी वरून त्यांच्या सर्व्हिसच्या चुका काढायची. मुलींना ती कोण हे माहीत नव्हतं, पण त्या ऐकायच्या. सातव्या मजल्यावरून आवाज पोचत नाही, हे तिने तिथे जाऊन तपासलं होतं.

आठवड्यातून तीनदा एका दवाखान्यातून व्यायाम करून घेणाऱ्या ताई यायच्या. त्या दाराशी आल्या की दवाखान्याचं ॲप मावशीच्या फोनवर सूचना पाठवायचं, ताई आल्या आहेत, आणि खाली एक बटण: उघडा. मावशी खुर्चीत बसल्या बसल्या ते दाबायची आणि दार उघडायचं.

हे घडतं कसं, ते थोडं सांगायला हवं. कुलूप उघडायचा अधिकार फक्त आमच्या ॲपला. दवाखान्याच्या ॲपला तो नाही, आणि असू नये. म्हणून आमचं ॲप त्याच्या हाती एक गोष्ट देऊन ठेवतं. तिला ऑफिसात आम्ही सोपवणी म्हणतो. तिचा अर्थ असा, की वेळ आली की हे काम तू कर, पण माझ्या नावाने. सोपवणी ज्याच्या हातात, त्याच्या अंगी तेवढ्यापुरतं देणाऱ्याचं बळ येतं. कुलूप विचारतं, हुकूम कुणाचा, आणि उत्तर मिळतं, आमच्या ॲपचा. बटण कुणी दाबलं हे ते विचारत नाही.

त्या रविवारी दादा आला होता. त्याने सूचना पाहिली, बटण पाहिलं, दार उघडताना पाहिलं, आणि चहाचा कप खाली ठेवत मला विचारलं, की हे आईशिवाय दुसऱ्या कुणाला उघडता येईल का. ऑफिसात कुणी ग्राहकाने असं विचारलं तर आम्ही नाही म्हणायचो. आम्हाला तसं खरंच वाटायचं. पण कुणी करून पाहिलं होतं असं मला आठवेना. मी म्हटलं, बघून सांगते.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी एक अगदी छोटं ॲप लिहिलं. त्याला एकच मुभा मागितली, सूचना वाचायची, जी मावशीने सात जणांना आधीच दिली होती. ते तिच्या फोनमध्ये घातलं आणि दवाखान्याकडून एक चाचणीची सूचना मागवली. माझ्या ॲपने ती वाचली. सूचनेबरोबर सोपवणीही त्याच्या हाती आली. मी तिच्या आत पाहिलं, तर कुठलं कुलूप आणि किती वेळ, या दोन्ही जागा मोकळ्या होत्या. पहिल्या जागेत मी पुढचं दार भरलं. दाराचा खटका सरकला. मागचं दार भरलं. स्वयंपाकघरापलीकडून तसाच आवाज आला. मग औषधांचं कपाट, आणि वेळेच्या जागी एक तास. कपाटाचं दार हळूच पुढे आलं आणि तसंच राहिलं.

दादा उठून तिन्ही ठिकाणी जाऊन आला. मग त्याने मला विचारलं नाही, आईला विचारलं, की सामान कधी बांधायचं.

मावशी माझ्याकडे बघत होती. "हात दाखवून अवलक्षण केलंस," ती म्हणाली. "शास्त्रज्ञबाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने खेळताय?"

मी म्हटलं, कुलूप कुणाच्या बाजूने आहे ते आधी बघत होते. यावर ती हसली नाही. दादा मात्र म्हणाला, की मुदत महिनाअखेरीची आहे, तो ती मोडणार नाही. म्हणजे दोन आठवडे उरले होते.

त्या मोकळ्या जागा निष्काळजीपणाने राहिल्या नव्हत्या. त्या आमच्या कंपनीची रीत होत्या. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हाच दवाखाना. सुरुवातीला तिथल्या खोल्या रोज बदलायच्या, आज या दाराची सोपवणी हवी, उद्या त्या, आणि दर वेळी त्यांचा माणूस फोन करायचा. शेवटी आमच्या मालकांनी सांगितलं, की दाराची जागा मोकळीच सोडा, पुढचा भरेल. फोन थांबले. मालकांना हे इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही सोपवणी तशीच दिली. पुढच्याच्या सोयीसाठी जागा सोडायची, ही आमची सभ्यता होती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई. मलाही शिकवलं होतं.

मालकांना आम्ही पाठीमागे 'आत्तासाहेब' म्हणायचो, कारण त्यांना कुठलीही गोष्ट आत्ता हवी असायची. सोमवारी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की हे कागदावर ठीक आहे, पण कोण करत बसलंय? आणि जागा बुजवल्या तर दवाखान्याचे फोन पुन्हा सुरू होतील, गिऱ्हाईक वैतागेल, हे तुमच्या मावशीच्या लक्षात आलंय का? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकाच घरासाठी वेगळी सोपवणी करून देतो, असंही ते म्हणाले. मी नको म्हटलं. तसलीच कुलुपं आणखी दोनशे बारा घरांत होती.

मग मी त्यांना केबिनचं दार आतून लावून घ्यायला सांगितलं. तिथेही आमचंच कुलूप होतं. त्यांच्या परवानगीने माझं छोटं ॲप त्यांच्या फोनमध्ये घातलं, तिथेही चाचणीची एक सूचना मागवली आणि बाहेर माझ्या जागेवर जाऊन बसले. खटका सरकला. ते खुर्चीतच होते, काचेतून दिसत होते. त्यांनी उठून दार पुन्हा लावलं. खटका पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा त्यांनी दाराला खांदा लावून धरला, जणू खटक्याशी त्याचा काही संबंध होता. मग बाहेर आले आणि म्हणाले, "बदला. आत्ता."

आत्ता म्हणजे नऊ दिवस लागले. नवी सोपवणी कोऱ्या जागेशिवाय बनवली. कुठलं कुलूप, किती वेळ, हे देतानाच भरायचं, आणि भरल्यावर सील करायचं, म्हणजे घेणाऱ्याला त्यात काना-मात्राही बदलता येणार नाही. ती कुणाच्या हाती चालेल तेही आत लिहायचं. आणि ती एकदा वापरली की संपली. एवढं करूनही सूचना वाचणारं एखादं ॲप बटण स्वतःच दाबू शकलं असतं. त्याने फार तर ताई उभ्या आहेत तेच दार एकदा उघडलं असतं, पण तेही नको, म्हणून बटणानंतर मावशीचा अंगठा मागायचं ठरलं. दवाखान्याच्या माणसाला मी घाबरतच फोन केला. तो म्हणाला, की भेटीगणिक नवी सोपवणी मागणं त्याच्या ॲपला जड नाही, खोल्या बदलणं केव्हाच थांबलं होतं, आणि त्या मोकळ्या जागांचं काय करायचं हे त्याला इतके दिवस कळतच नव्हतं. तो त्यांत दर वेळी एकच आकडा भरत होता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. ताईंची सोय दादाला पटली. पण त्याला स्वतःसाठी एक सोपवणी हवी होती, त्याच्या फोनमधल्या ॲपला, कायमची, तिन्ही कुलुपांची. मी म्हटलं, कायमची बनवता येते. द्यायची की नाही हे देणाऱ्याने ठरवायचं.

"बोट दिलं की हात धरायचा, ही तुझी सवय दुसरीपासूनची आहे," मावशी म्हणाली.

दादा चिडला नाही. तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू आधी उत्तर देत होतीस, आई. मग थांबलीस. सुतार येईपर्यंत मी तुला हाका मारत होतो."

मावशीने हे आधी ऐकलं नसावं. पडल्यानंतरचं तिला फारसं आठवत नव्हतं, आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. खाली मैदानात मुलींचा खेळ सुरू झाला होता. तिने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही.

"एक देते," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या दाराची आणि न्हाणीघराची. तिथेही कुलूप लावून घेऊ. कधीही वापर, मला विचारू नकोस, रात्र असो की दिवस. पण एकदाच. वापरलीस की दुसरी माझ्याकडे मागायची."

"आणि तू दिली नाहीस तर?"

"तर मी जिवंत आहे आणि रागावले आहे, असं समज."

दादा हसला, पण लगेच त्याने मला विचारलं, की पडायची वेळ आली आणि तेव्हाच ती सोपवणी चालली नाही तर. हा प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, की तिचं खरेपण दर सकाळी ॲप स्वतः तपासेल, वापरल्याशिवाय, आणि काही बिघडलं असेल तर दोघांच्याही फोनवर कळवेल. त्याने हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग औषधांच्या कपाटाचा विषय त्याने आपणहून सोडून दिला. म्हणाला, तिथे मी कशाला कडमडू, गोळ्या तिच्या आहेत.

न्हाणीघराचं कुलूप मी बरोबर आणलं नव्हतं, म्हणून तपासणी पुढच्या दारावर करायची ठरली. मावशीने उजव्या हाताने फोन धरला, कुलूप निवडलं, दादाचं नाव निवडलं, अंगठा लावला. डाव्या हाताची बोटं टेबलावर ठेवली होती, ती थोडी हलली.

"हे चाललं," दादा चप्पल घालताना म्हणाला, "तर ती खोली मी मुलीला अभ्यासाला देतो. पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि रंग?" मावशीने विचारलं.

"रंग तिला आवडलाय."

तो बाहेर गेला. मी दार लावलं, खटका बसल्याचं पाहिलं आणि फोनमधलं घड्याळ सुरू केलं. पहिल्या वेळी दार एक पूर्णांक सहा दशांश सेकंदांत उघडलं. ते पुन्हा लावून दादाने तीच सोपवणी आणखी दहा वेळा वापरून पाहिली, आणि मग तो आत आल्यावर माझ्या छोट्या ॲपने चाचणीची नवी सूचना वाचून तिन्ही कुलुपांवर वीस-वीस प्रयत्न केले. या सत्तर प्रयत्नांत एकही खटका सरकला नाही.