कच्चं खत

त्या वर्षी हिवरखेडात शेण मिळेनासं झालं. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. गावातले बैल सदा अकोल्याच्या वाटेवर. त्यांचं शेणही वाटेवरच पडायचं. उरलंसुरलं कापसाच्या वावरात जायचं.

पार्बताबाई माळीण घरामागच्या वाडीत वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा चंद्रभान भाड्यानं गाडी हाकायचा. खताशिवाय वाडी पिकवायची कशी, याचा तिला घोर लागला, तेव्हा उपाय सुचवला तो नव्या सुनेनं, शकुननं.

शकुनचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, तीन कोसांवर. तिची आई गोदाबाई तिथल्या एका दुकानदाराची चारोळी जात्यावर फोडून द्यायची. टरफलं कुणालाच नको असायची.

"आमच्या घरी आमी तेच कुजवतो, आत्याबाई," शकुन म्हणाली. "पन सबूर पाह्यजे. दोन पावसाळे लागतेत."

वैशाखात चंद्रभाननं गाडीतून टरफलांची चार पोती आणली. शकुननं ती मोगरीनं ठेचली, भिजत घातली. मग वाडीच्या कोपऱ्यात खड्डा करून एक थर टरफलांचा, एक थर पाल्याचा, वर राख आणि मिळेल तेवढं शेणाचं पाणी, असं भरत गेली. दर पंधरवड्याला ती खड्ड्यात उतरून सगळं वरखाली करायची आणि हातात मूठभर घेऊन सासूला दाखवायला यायची. "पाहा, कडा नरम पडून राह्यल्या." पार्बताबाईला लेक नव्हती. न्हाऊन आलेल्या सुनेच्या केसांना तेल लावताना तिला वाटायचं, एवढ्या उशिरा का होईना, देवानं दिली.

माघात पार्बताबाईनं उन्हाळी वांग्याची रोपं लावली. बाजारात भाजी दिसत नव्हती. जो तो कापसाच्या मागे. यंदा वांगी चांगली आली तर वाडीचं नाव होईल, असं तिच्या मनात बसलं. तिनं फावडं घेतलं आणि खड्डा उकरायला लागली.

शकुन धावत आली. "आत्याबाई, कच्चं हाय थे! टरफल कच्चं असलं का जमिनीचं सत्त्व तेच खाते. झाडाले काई उरत नाई. अजून एक पावसाळा जाऊ द्या."

"मी माळ्याची लेक हावो. तू मले शिकवतं?"

पार्बताबाईनं अख्खा खड्डा वाफ्यांत पसरला. फाल्गुन सरता सरता रोपं पिवळी पडली. पाणी घातलं, तरी पानं गळत गेली. एका सकाळी पार्बताबाई वाफ्यात उभी राहिली आणि सगळा राग सुनेवर काढला. तिथं दोघींशिवाय कुणी नव्हतं. चंद्रभान कापूस घेऊन अकोल्याला गेला होता.

"तुह्या मायच्या घरचा कचरा माह्या वाडीत आनला. अवदसा आनली घरात!"

शकुननं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी चार दिवस मायकडे जाऊन येतो."

"जाय."

शकुन गेली. संध्याकाळी पार्बताबाईनं सवयीनं दोघींच्या भाकरी थापल्या. चंद्रभान आला की त्याला आणायला धाडू, असं तिनं ठरवलं. पण त्याच आठवड्यात गाडीवाटेनं पटकीची साथ आली. चंद्रभान परतला त्याच दिवशी सासुरवाडीचा निरोप आला. शकुन एका रात्रीत गेली होती.

तेराव्यानंतर पार्बताबाई एकटीच चालत गोदाबाईच्या दारी गेली. गोदाबाईनं तिचे पाय धुवायला पाणी दिलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सुखात होती व माही पोरगी. आली तवा म्हने, आत्याबाईनंच धाडलं, माय, तुले भेटून ये म्हने. शेवटच्या रातीही म्हने, मले आत्याबाईकडे न्या."

पार्बताबाईला राहवलं नाही. खताची, वांग्याची, त्या सकाळची, आपल्या तोंडून गेलेल्या शब्दांची सगळी हकिकत तिनं सांगून टाकली आणि विहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. "मार मले, इहीनबाई. कायबी कर."

गोदाबाईनं तिला मारलं नाही, उठवलंही नाही. पाय मागे घेत ती म्हणाली,

"हे मले काहून सांगतलं? पोरगी सुखात होती, एवढंच माह्यापाशी उरलं होतं. थेही नेलं तुमी."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

पार्बताबाई घरी पोचली तेव्हा चंद्रभान ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "काय म्हने मामी?" त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "शकुनले तुहा लय लळा होता, माय. मले नेहमी सांगे."

पार्बताबाईच्या ओठांशी सगळं आलं होतं. तिनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्याजवळ बसली.

"हो बाबू," ती म्हणाली. "मलेही होता."

ती सकाळ तिनं मुलाला कधीच सांगितली नाही.