पाकिटातला निळा ठिपका

आमच्या औषधांच्या कारखान्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर स्वभावतज्ज्ञ गरजत होता. आम्ही त्याचं नाव रंगराव ठेवलं होतं.

"स्वभावाच्या सोळा प्रकारांची चाचणी जुनाट, पाच गुणांची मोजपट्टी कोरडी! माझे चार रंग माणसाच्या आरपार बघतात!"

आधी सगळ्यांकडून चाळीस प्रश्नांची चाचणी भरून घेतली होती. आता तिच्या निकालाची पाकिटं उघडली आणि 'अगं बाई', 'बापरे' सुरू झालं. 'तुम्ही वरून कणखर, आतून हळवे. लोक तुमचा फायदा घेतात.' आमच्या फोरमनचे डोळे पाणावले.

"कागद कुणाला दाखवू नका," रंगराव म्हणाला. "ऊर्जा फुटते!"

माझ्या थोरल्या बहिणीच्या कागदावर निळा ठिपका होता. निळा म्हणजे नेतृत्वाला नालायक. एकोणीस वर्षं पॅकिंग विभाग सांभाळलेल्या ताईला दुसऱ्याच दिवशी रिकाम्या बाटल्यांच्या गोदामात धाडलं.

"खरंच असेल रे," ती म्हणाली. "मी चिडते ना पटकन."

"चिडशील नाही तर काय? यंत्राला जाळी बसवा म्हणून तीनदा अर्ज केलास. कुणी बसवली नाही, आणि पॅकिंगमधल्या त्या पोरीचं बोट गेलंच."

प्रयोगशाळेतल्या बाई चाचणीच्या वेळी ताईशेजारी बसल्या होत्या. चाचणी खरी की खोटी ते बघायला त्यांनी ताईची चाळीसही उत्तरं मुद्दाम जशीच्या तशी उतरवली होती. तरी ताई निळी आणि बाई हिरव्या! रंगरावाच्या पुढच्या सभेत त्यांनी दोघींचे कागद मोठ्याने वाचले. मजकूर शब्दन्‌शब्द एकच. मग एकेकाने आपला कागद बाहेर काढला. दोनशे माणसं, एकच परिच्छेद.

"मग रंग कुठून आले?" बाईंनी विचारलं.

रंगराव घाम पुसत पुटपुटला, "यादी मॅनेजरसाहेबांनी दिली होती."

जाळीच्या अर्जावर सही करणारे, ताई धरून, सातही जण निळे होते.

"पाच गुणांच्या मोजपट्टीत निदान कुठला गुण किती ते सांगतात, पुन्हा मोजून बघतात," बाई म्हणाल्या. "सोळा प्रकारांत तर महिन्याभराने कितीतरी जणांचा प्रकारच बदलतो. पण चांगल्या मोजपट्टीनेसुद्धा कुणाची खुर्ची काढू नये. आणि ही तर मोजपट्टीच नव्हती."

रंगराव मागच्या दाराने सटकला. मॅनेजर राहिला, त्याचा हुकूमही राहिला. ताई अजून गोदामातच आहे.

"फसवणूक होती, कळलं मला," परवा ती म्हणाली. "पण ते वाचताना अगदी माझंच वाटलं रे."

वाटणारच. दोनशे जणांना वाटलं. कुणी तुमचा स्वभाव कागदावर लिहून दिला, तर आधी शेजाऱ्याचा कागद मागून वाचा. आणि त्या कागदावरून कुणाचं काम जात असेल, तर यादी कुणी केली ते उभं राहून विचारा. आम्ही विचारलं, पण उशिरा.